गच्चीवरच्या ठिबकचे जोड निसटतात: नळ्या आणि कनेक्टरच्या मापांचा घोळ

सोनचाफा

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचं रो हाउस आहे आणि गच्चीवर साठेक कुंड्या. गावी गेलो की शेजारच्यांना पाणी घालायला सांगणं आता नको वाटतं (त्यांचेही गुडघे आता माझ्यासारखेच), म्हणून ठिबक बसवायला घेतलं. ऑनलाइन एक किट मागवलं. त्यात मऊ काळी नळी, तिच्यावर ४/७ असं छापलेलं. लाल डोक्याचे फिरवून कमीजास्त करायचे ड्रिपर. टी, एल्बो आणि नळाला लावायचा कनेक्टर. नळी पुरली नाही, म्हणून जवळच्या कृषी सेवा केंद्रातून मायक्रोट्यूब आणली. दुकानदार म्हणाला, "चारचीच आहे, बसेल."

आता तक्रारी ऐका. नळाजवळचा जोड रात्री उडतो. दिवसा पाणी चालू असताना थेंब गळत नाही आणि सकाळी उठून बघावं तर गच्चीत तळं. दुसरं म्हणजे दुकानातली नळी किटच्या टीमध्ये जाते, वरचा नट आवळला जातो, पण जरा ओढली की सुळकन बाहेर. आणि शेवटच्या दहा-बारा कुंड्या कोरड्या राहतात, पहिल्या कुंड्यांतून मात्र पाणी वाहून जातं.

पाणी प्रेशर पंपाच्या लाइनवरून आहे. टायमर अजून घेतलेला नाही. नळ उघडाच असतो, पुढे नळीच्या मध्ये एक छोटा कॉक आहे तो संध्याकाळी बंद करते. घरच्यांनी जोडावर इपॉक्सीची पुटी लावली होती, ती दुसऱ्या दिवशी सालपटासारखी निघून आली. काय करू?

झारीवाला

झारी घ्या. साठ कुंड्यांना अर्धा तास लागतो. व्यायाम होतो, कुठल्या झाडाला मावा पडलाय ते दिसतं. जोड नाही, गळती नाही.

बागुलबुवा

@झारीवाला, त्या गावी जाणार आहेत, झारी काय पोस्टाने परत पाठवायची? (दिवे घ्या.)

सोनचाफा, फोटो टाका ना. विशेषतः नळाच्या जोडाचा.

मापात_पाप

फोटोची गरज नाही, रात्रीच्या जोडाचं उत्तर तुमच्या लिहिण्यातच आहे. नळ उघडा आणि कॉक पुढे, नळीच्या मध्ये. म्हणजे कॉक बंद केल्यावर नळापासून कॉकपर्यंतचा सगळा भाग रात्रभर पंपाच्या पूर्ण दाबाखाली. पाणी वाहत असतं तेव्हा दाबाचा बराचसा भाग नळीतल्या घर्षणात आणि ड्रिपरमधून निघून जातो, जोडावर फारसा भार येत नाही. प्रवाह थांबला की घर्षण शून्य आणि लाइनमध्ये असेल तितका सगळा दाब त्या जोडावर. घरगुती प्रेशर पंप साधारण दीड ते अडीच किलो दाबावर (चौरस सेंटिमीटरला इतके किलो) बंद होतात. बागेच्या ठिबकला एक किलो भरपूर झाला.

म्हणून पहिला नियम: बंद करायची जागा नळापाशी, सगळ्या प्लास्टिकच्या आधी. मधला कॉक काढून टाका किंवा कायम उघडा ठेवा. नळ बंद करा, मग रात्री जोडावर दाबच राहणार नाही. टायमर घ्याल तेव्हा तोही नळालाच लागेल, म्हणजे हा प्रश्न तसाही संपेल.

पुटीचं म्हणाल तर या काळ्या नळ्या बहुतेक पॉलिएथिलीनच्या किंवा मऊ पीव्हीसीच्या असतात. पॉलिएथिलीनला काहीही चिकटत नाही. पीव्हीसी पाइपाचं सोल्युशनही नाही, इपॉक्सीही नाही, झटपट गोंदही नाही. तिथे जोड धरतो तो फक्त कनेक्टरच्या दात्यांवर नळी ताणून बसल्यामुळे. पैसे त्यावर घालवू नका.

आता दुसरी तक्रार, जी मला जास्त रंजक वाटते. नळी विकली जाते ती एका मापाने आणि जोड बसतो दुसऱ्यावर. ४/७ म्हणजे आतून ४, बाहेरून ७ मिमी. दुकानातली बहुधा ४/६ असेल. आतलं माप तेच, म्हणून दुकानदार खोटं बोललेला नाही. पण तुमच्या टीला वर नट आहे. असा टी नळीला बाहेरून पकडतो आणि ७ मिमीच्या हिशेबाने केलेला असतो. ६ ची नळी त्यात सैल राहणारच, नट कितीही आवळा. त्याऐवजी दाते असलेले साधे ४ मिमीचे जॉइनर आणि टी घ्या, ते नळीच्या आत जातात. त्यांना ४/६ आणि ४/७ दोन्ही चालतात.

व्हर्नियर कॅलिपर नसेल तर प्लास्टिकचा मिळतो, स्वस्त असतो. बागेच्या सामानात तो असायलाच हवा असं माझं मत आहे. घरचे हसतात.

द्राक्षबाग

सोनचाफा ताई, निफाडहून लिहितोय. वरच्या साहेबांनी बरोबर सांगितलं. आमच्याकडं शेतात १६ आणि २० मिमीच्या लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतनं जाणाऱ्या जाड नळ्या. तिथंबी हाच घोळ होतो. १६ म्हणजे बाहेरून १६. आत किती, ते नळीच्या जाडीवर. पातळ नळी असली की आतलं भोक मोठं, जॉइनर ढिला. जाड नळी असली की जॉइनर आत जाता जात नाही, माणूस घामाघूम. म्हणून ज्या दुकानातून लॅटरल त्याच दुकानातून जॉइनर, टी, टेकऑफ (मोठ्या पाइपातनं लॅटरल काढायचा जोड) सगळं घ्यायचं आणि तिथंच एक तुकडा कापून घालून बघायचा. दुकानदार काही बोलत नाही, रोजचं असतं.

कडक नळी बसत नसेल तर टोक गरम पाण्यात बुडवा. चहाचं आधण असतं तितकं गरम, अर्धा मिनिट. मऊ झाली की दाबून बसवायची, गार झाली की आपोआप आवळते. लायटरनं तापवू नका, एका बाजूनं वितळते आणि तिथनंच पुढं चिरते. तेल, ग्रीस, व्हॅसलिन काहीबी लावू नका. आत्ता झटकन जाईल आणि दाब आला की तितक्याच झटकन निघंल. लईच अडलं तर साबणाचं पाणी, ते वाळून जातं.

आणि नळी कापायची ती सरळ. तिरकी कापली की एक बाजू दात्यापर्यंत पोचतच नाही.

आबोली_दापोली

+१, गरम पाण्याचा थर्मास घेऊन मीच बागेत फिरते, लोकांना वाटतं चहा वाटतेय.

मी एक भर घालते. नळी ताणून लावू नका. सकाळी गारव्यात मोजून कापली तर दुपारी ती लांबते, लोंबते. दुपारी ताणून बसवली तर पहाटे आकसते आणि सगळा ओढा जोडांवर येतो. पुण्यात दिवसा-रात्रीच्या तापमानात आमच्यापेक्षा जास्त फरक असतो, तेव्हा तुमच्याकडे हे अधिकच जाणवेल.

मापात_पाप

बरोबर. पॉलिएथिलीन दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.२ मिमी लांबते. उन्हातली काळी नळी आणि पहाटेची नळी यात ३० अंशांचा फरक सहज पडतो. १० मीटर नळीसाठी हिशेब करा: सहा सेंटिमीटर. दात्यांवर बसलेली नळी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच असते. तेव्हा नागमोडी टाका आणि थोड्या थोड्या अंतरावर खुंटीने किंवा क्लिपने धरून ठेवा, म्हणजे ओढ जोडापर्यंत पोचणार नाही.

सोनचाफा

बापरे, इतकं सगळं! मधला कॉक काढून टाकला. काल रात्री नळ बंद केला, सकाळी तळं नाही. मापात_पाप आणि द्राक्षबाग दादा, मनापासून आभार. नट-टीचंही बरोबर निघालं, नळी बाहेरून ६ चीच आहे (नातवाच्या शाळेच्या कंपासमधली पट्टी लावली, कॅलिपर सध्या नाही).

पण शेवटच्या कुंड्या अजून कोरड्याच. ४ मिमीची नळी नळापासून सुरू होते, सगळ्या कुंड्यांवरून फिरत जाते, प्रत्येक कुंडीला टी आणि ड्रिपर. पहिल्यांचे ड्रिपर मी जवळजवळ बंद केले, तरी उपयोग नाही.

मापात_पाप

तिथेच गडबड आहे आणि ती ड्रिपर फिरवून सुटणार नाही. ४ मिमीची नळी कुंडीपर्यंत जायला असते. सगळ्या बागेचं पाणी वाहून न्यायला नसते.

आकडे बघा. समजा साठ ड्रिपर, प्रत्येकी ताशी २ लिटर. झाले ताशी १२० लिटर, मिनिटाला २. फार नाही, पण हे पाणी ४ मिमीच्या नळीतून ढकलायचं तर वेग सेकंदाला अडीच मीटरच्या वर जातो आणि नळीच्या प्रत्येक मीटरला जवळजवळ पावणेतीन मीटर उंचीइतका दाब घर्षणात जातो. पहिल्या चार-पाच मीटरमध्येच तुमचा एक किलो दाब संपला. (पुढे पुढे पाणी कमी होत जातं म्हणून घर्षणही कमी होतं, पण मूळ अडचण तीच.) तेच १२० लिटर १६ मिमीच्या लॅटरलमधून सेकंदाला पाव मीटरनेही वाहत नाही. घर्षण जवळजवळ धरायचं नाही इतकं.

त्यातून ते लाल डोक्याचे ड्रिपर. पूर्ण उघडले तर एकेक ताशी ४०-५० लिटरही सोडतो. चार जणांनी पंगतीत सगळं श्रीखंड वाढून घेतल्यावर शेवटच्या पानाला काय येणार.

तेव्हा १६ ची लॅटरल मुख्य म्हणून कठड्याच्या कडेने फिरवा. तिच्यातून प्रत्येक कुंडीला ४ मिमीचा हातभर तुकडा, टोकाला ठरावीक मापाचा ड्रिपर, २ किंवा ४ लिटरचा. जमलं तर १६ च्या लॅटरलचं शेवटचं टोक मोकळं न सोडता फिरवून पुन्हा सुरुवातीच्या टीला जोडा. मग प्रत्येक कुंडीला दोन बाजूंनी पाणी येतं, शेवट असा उरतच नाही.

द्राक्षबाग

गोल फिरवली तर धुवायची कशी? एका जागी टी देऊन तिथं शेवट काढा आणि त्याला 'आठ' लावा. म्हणजे नळी दुमडून आठच्या आकड्यासारख्या कडीत अडकवायची. महिन्यातनं एकदा आठ काढायचा, पाणी सोडायचं, आतली घाण भसकन बाहेर येते. पयल्यांदा बसवताना तर सगळ्यात आधी हे करायचं, ड्रिपर लावायच्या आधी. कापताना आणि पंच मारताना पडलेला प्लास्टिकचा कचरा आत असतो, तो पहिल्याच दिवशी ड्रिपरमधी जाऊन बसतो आणि मग लोक म्हणतात ड्रिपर खराब.

पंच मारायचा तो पंचनंच. खिळा तापवून भोक पाडलं की भोकाची कड वितळून जाड होते, ड्रिपर नीट बसत नाही, बाजूनं फवारा सुरू. भोक चुकीच्या जागी पडलं तर घाबरू नका, त्यासाठी छोटी डमी मिळते, दाबून बसवायची.

हडपसरी

वाचतोय, भारी धागा. एक विचारू? आरओ प्युरिफायरची पांढरी नळी माझ्याकडे गुंडाळीच्या गुंडाळी पडून आहे. तिचे पुश-फिट कनेक्टर पण आहेत, टचकन बसतात. ते ठिबकला चालतील का?

मापात_पाप

चालेल, पण दोन गोष्टी. आरओची नळी पाव इंची असते, म्हणजे बाहेरून ६.३५ मिमी. तिचे पुश-फिट कनेक्टर बाहेरून पकडतात आणि त्याच मापासाठी असतात. त्यात ६ मिमीची मायक्रोट्यूब घातली तर ती अडकल्यासारखी वाटेल, पण आतला रबरी ओ-रिंग नीट दाबला जाणार नाही. थेंब थेंब गळत राहील. नळी आणि कनेक्टर दोन्ही आरओचेच वापरा, मिसळू नका. दुसरं, पांढऱ्या नळीतून प्रकाश आत जातो. गच्चीवर महिनाभरात आत हिरवं शेवाळ दिसेल आणि ड्रिपर बंद पडतील. शिवाय उन्हाने ती ठिसूळ होते. काळ्या नळीत कार्बन घातलेला असतो तो यासाठीच. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या दोन कुंड्यांना आरओची नळी ठीक, गच्चीला नको.

डॅलसकर

अमेरिकेतून एक इशारा. इकडे "हाफ इंच" ड्रिप ट्यूबिंग म्हणून जे मिळतं ते कोणत्याच बाजूने अर्धा इंच नसतं. बाहेरून साधारण १७.८ ते १८ मिमी, कंपनीगणिक थोडं वेगळं. भारतातल्या १६ च्या लॅटरलचे फिटिंग त्यात सैल पडतात आणि इकडचे फिटिंग भारतातल्या लॅटरलमध्ये जात नाहीत. भेट म्हणून नेऊ नका.

आट्यांचंही तसंच. मी सांगलीला आईबाबांसाठी इकडून टायमर नेला, तिकडच्या पाऊण इंची नळाला बसेना. इकडच्या बागेच्या नळांना वेगळे आटे असतात, इंचाला साडेअकरा. भारतात बीएसपी आटे, पाऊण इंची नळाला इंचाला १४. एक फेरा फिरतो आणि अडकतो. जोर लावला की प्लास्टिकचे आटे जातात. मधला अडॅप्टर मिळतो, पण मग टायमर तिकडचाच घेतलेला बरा.

इकडे नळानंतर पहिली गोष्ट असते ती पाणी उलट वाहू नये म्हणून व्हॅक्यूम ब्रेकर. बऱ्याच ठिकाणी नियमानेच लागतो. मग फिल्टर, मग २५ पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर, मग नळीचा अडॅप्टर. हाच क्रम तिकडेही चालेल.

मापात_पाप

@डॅलसकर, २५ पीएसआय म्हणजे पावणेदोन किलोच्या आतबाहेर. भारतात एक ते दीड किलोचे रेग्युलेटर मिळतात. सोनचाफांना तेच सुचवेन, कारण त्यांच्याकडे पंपाचा दाब जास्त आहे. उलट वाहण्याचा मुद्दा इथे फारसा कोणी बोलत नाही, पण महत्त्वाचा आहे. कुंडीतल्या मातीत टोक बुडालेलं असेल आणि टाकी रिकामी होऊन लाइन मागे ओढायला लागली तर मातीचं पाणी घरच्या पाण्यात येऊ शकतं. एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लावा आणि ड्रिपरचं टोक मातीच्या दोन बोटं वर ठेवा. वर ठेवण्याचा दुसरा फायदा म्हणजे पाणी बंद होताना नळी आत हवा ओढते, तेव्हा चिखल ओढत नाही.

नळाबद्दल एक युक्ती. गच्चीतल्या साध्या नळाच्या तोंडाला आटे नसतात, म्हणून लोक रबरी कनेक्टर स्क्रूने आवळतात आणि तोच आधी उडतो. त्याऐवजी वॉशिंग मशीनला लावतात तो नळ बसवा. भिंतीकडून अर्धा इंच, बाहेरच्या तोंडाला पाऊण इंची आटे. बहुतेक टायमर आणि फिल्टर त्यावर थेट बसतात.

बागुलबुवा

हे वॉशिंग मशीनच्या नळाचं लाखमोलाचं आहे. आम्ही रबरी कनेक्टरला सुतळी बांधत बसलो होतो.

टेफ्लॉन टेप किती गुंडाळायची? प्लंबर बदाबदा गुंडाळतो.

मापात_पाप

जिथे रबरी वायसर आहे (टायमर, वॉशिंग मशीनचा नळ) तिथे टेप लागतच नाही, पाणी वायसर अडवतो. जिथे नुसते आटे आहेत, उदा. फिल्टर आणि एमटीए (बाहेरून आटे असलेला जोड), तिथे पाच-सहा वेढे. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे आवळताना टेप उलगडत नाही. प्लास्टिकच्या मादी आट्यांमध्ये भरमसाट टेप घालून पान्याने आवळलं की एफटीए (आतून आटे असलेला जोड) उभा चिरतो. त्याच दिवशी चिरत नाही, आठवड्याने चिरतो, म्हणून प्लंबरला कळत नाही. हाताने घट्ट आणि वर पाव फेरा, बास.

मोगरा_सोलापूर

माझा प्रश्न उलटा आहे. आमच्याकडे दाबच नाही. २०० लिटरचा ड्रम, चार फुटी स्टँडवर. पीसी ड्रिपर लावले, चांगले महागाचे, तर काहींतून थेंबसुद्धा नाही. जोड एकही गळत नाही, तेवढंच समाधान!

मापात_पाप

चार फूट म्हणजे सव्वा मीटर. १० मीटर उंचीला एक किलो, म्हणजे तुमच्याकडे ०.१२ किलो. पीसी ड्रिपरमध्ये रबराचा पडदा असतो, तो दाब कमीजास्त झाला तरी पाणी सारखं ठेवतो, पण काम सुरू करायलाच साधारण अर्धा ते एक किलो मागतो. तुमच्या ड्रमवर तो शोभेचा. साधे, बिनपीसीचे ड्रिपर लावा. त्यांचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. एक किलोला ४ लिटरवाला तुमच्याकडे ताशी दीड लिटरच्या जरा खाली देईल, ८ लिटरवाला पावणेतीन. वेळ वाढवा, झालं.

टायमर घेणार असाल तर बॉल व्हॉल्व्हवाला. सोलेनॉइडच्या (विद्युतचुंबकाने उघड-बंद होणाऱ्या) बऱ्याच टायमरना उघड-बंद व्हायलाच दाब लागतो. ड्रमवर ते एक तर उघडत नाहीत, नाही तर बंद होत नाहीत.

मोगरा_सोलापूर

हे कोणीच सांगितलं नव्हतं, विकणाऱ्याने तर नाहीच. धन्यवाद.

रानवेडा

जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत) सोडता येईल का ठिबकमधून? म्हणजे वेगळं घालायला नको.

द्राक्षबाग

सोडता येतं, शेतात सोडतोच. पण निवळवायचं, कपड्यानं दोनदा गाळायचं, वर फिल्टर, आणि नंतर साधं पाणी सोडून लाइन धुवायची. एवढं करूनबी ड्रिपर तुंबतात. साठ कुंड्यांना कशाला? मगानं घाला. झारीवाले काका खूश होतील.

झारीवाला

झालो.

मापात_पाप

फिल्टर १२० मेशचा, म्हणजे १३० मायक्रॉनच्या आसपास. जाळी काढून धुता येईल असाच घ्या आणि अंगावर बाण असतो तो पाण्याच्या दिशेने ठेवा. उलटा बसवला तर कचरा जाळीच्या चुकीच्या बाजूला साचतो आणि उघडताना नळीत पडतो.

बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार बसेल. ड्रिपर काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, टाचणी घालू नका. टाचणीने भोक मोठं होतं आणि तो एकटाच जास्त पाणी द्यायला लागतो.

आबोली_दापोली

कोकणात आमचं दुखणं वेगळं. उतारावरची बाग. पाणी बंद केलं की वरच्या नळ्यांत उरलेलं सगळं पाणी खालच्या कलमांना मिळतं, त्यांचे पाय कायम ओले. त्यासाठी नळी उताराला आडवी फिरवायची, उभी नाही, आणि प्रत्येक आडव्या ओळीला सुरुवातीला एक छोटा कॉक.

जूनच्या आधी सगळं गुंडाळून ठेवतो. गुंडाळताना उघडी टोकं डमीने बंद करा हो. कुंभारमाशी आत मातीचं घर करते, मग पुढच्या वर्षी ती नळी तेवढी कापूनच टाकावी लागते. वानरांवर मात्र उपाय नाही. त्यांना टेकऑफ उपटायला आवडतात.

हडपसरी

आमच्याकडे खारी कुरतडतात. चैत्रात जास्त.

आबोली_दापोली

तहानेने येतात. कठड्यावर पाण्याचं मातीचं ताट ठेवा. पूर्ण थांबत नाहीत, पण कमी होतं. आणि जॉइनर गाठीला ठेवाच.

सोनचाफा

आले परत. कालचा दिवस बोहरी आळीत आणि मग कृषी सेवा केंद्रात गेला. वॉशिंग मशीनचा नळ, जाळीचा फिल्टर, एक किलोचा रेग्युलेटर, १६ ची लॅटरल, ४ मिमीचे दात्यांचे कनेक्टर, २ लिटरचे साधे ड्रिपर, पंच, डमी आणि आठ. दुकानात लॅटरलचा तुकडा कापून जॉइनर घालून बघितला, तेव्हा दुकानदाराने विचारलं, "काकू, शेती कुठं आहे?"

ड्रिपर लावायच्या आधी नळी धुतली. काळे किस आणि वाळू निघाली, दादांचं खरं होतं. आता पाऊण तास पाणी चालवलं तर शेवटच्या कुंडीखालच्या ताटलीत आणि पहिलीच्या ताटलीत सारखंच ओलं. फक्त फिल्टरच्या पुढच्या आट्यातून बारीक पाझर आहे. टेप किती गुंडाळली ते प्लंबरलाच माहीत, मी चहा करत होते.

मापात_पाप

सोडवून टेप पूर्ण काढा, एफटीए उजेडात धरून उभी चीर आहे का बघा. चीर असेल तर बदला, ती टेपने बुजत नाही.

लाल डोक्याचे ड्रिपर फेकू नका, झाडं लावलेले मोठे ड्रम असतील तर त्यांना उपयोगी पडतील. पण त्यांची लाइन वेगळी कॉक देऊन काढा, बाकीच्यांमध्ये मिसळू नका.

सोनचाफा

चीर आहेच. उद्या बदलते.

मोठ्या ड्रममध्ये कढीपत्ता आणि लिंबू आहे. त्यांना एकच लाल ड्रिपर पुरे ना?

द्राक्षबाग

एक नको, दोन लावा, समोरासमोर, खोडापासून वीतभर लांब. एकाच जागी पाणी पडलं की मुळं तिकडंच जातात आणि लिंबाच्या बुडाशी पाणी साचलं तर खोड सडतं.